ड्रॉप इन आणि तीन शिट्ट्या

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला, पण चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. माती मीच खाल्लीय.

पनवेलला मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. वर्गात जवळच्या गव्हाण गावच्या मंदाताई होत्या. मुलीचं लग्न ठरलेलं, सासर बेंगळुरूचं, विहीणबाईंना मराठीचा गंध नाही. चारचौघांत मुक्यासारखं बसायला नको, एवढ्यासाठी ही बाई पन्नाशीत वही घेऊन आली होती.

एके दिवशी मी 'ड्रॉप इन' शिकवलं. "म्हणजे न कळवता सहज कुणाच्या घरी डोकावणं. फोन नाही, वेळ ठरवणं नाही." आणि उदाहरण काय द्यावं मी? "मंदाताई, प्लीज ड्रॉप इन एनी टाइम." वर बिल्डिंगचं नावही सांगितलं. बोलायला काय जातं?

पुढच्या रविवारी बेल वाजली. बायको माहेरी, मी फाटक्या बनियनवर, डोक्याला कलप थापलेला, गॅसवर कुकर. दाराच्या भिंगातून बघतो तर मंदाताई, हातात पत्रिका.

नाही उघडलं दार. अहो, सरांचे केस या वयातही काळेभोर, असं वर्गात सगळ्यांना वाटायचं. श्वास रोखून उभा राहिलो.

"सर, ड्रॉप इन केलाय," बाहेरून आवाज आला. "हळदीला तुमी पायजेच. विहीण इंग्लिशमदी बोलली तर माझ्या बाजूला बसा."

तेवढ्यात कुकरची शिट्टी. मग दुसरी. मग तिसरी.

"सर, गॅस बंद करा. भात लागंल."

आणि मी काय केलं माहितीय? चवड्यांवर चालत जाऊन गॅस बंद केला, आणि परत येऊन पुन्हा गप्प उभा राहिलो.  पत्रिका हातात द्यायची असते हो. ती थोड्या वेळाने दाराखालून आत सरकली, आणि चपलांचा आवाज जिन्याने खाली गेला.

हळदीला गेलो नाही. लग्नालाही नाही. मंदाताई पुन्हा वर्गात आल्या नाहीत. फार वाईट वाटत राहिलं. शेवटी माफी मागावी म्हणून फोन केला, "मंदाताई, रविवारी पाच वाजता आलो तर चालेल का?"

"काय झाला सर? कोण गेला का?" त्या घाबरल्याच. त्यांच्या गावात येण्याआधी फोन येतो तो कुणी गेलं तरच; एरवी माणसं सरळ घरात येतात.

"नाही हो, सहजच. हळद कशी झाली?"

"झाली बरी. विहीण बोलत होती, मी येस येस करून हसत बसले. बाजूची खुर्ची कोणाला दिली नाय पन. मला वाटला, सर न कळवता येतील."

रविवारी गेलो. बरोबर पाचच्या ठोक्याला. दोन मिनिटं उंबऱ्याबाहेर उभा राहून बेल शोधत होतो. दार सताड उघडं होतं.