लेड आयोडाइड आणि पाहुण्यांचं पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात शेवगाव भागातल्या एका नव्या कॉलेजात मी रसायनशास्त्राचा हंगामी व्याख्याता होतो. हंगामी म्हणजे काम पूर्णवेळ आणि मान अर्धवेळ.

विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. प्राचार्य इतिहासाचे. चकाकतं ते विज्ञान, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता. म्हणाले, "काहीतरी सोन्यासारखं करून दाखवा. समिती खूश झाली तर तुम्हाला कायम करतो."

सोन्याची हौस लेड आयोडाइड स्वस्तात भागवतं. लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड ओतलं की पिवळाधमक साका बसतो. भरपूर पाण्यात उकळला की तो विरघळतो, रंगसुद्धा जातो, आणि सावकाश निवू दिलं की सोनेरी षटकोनी चकत्या लखलखत खाली येतात. आतली रचना थरांची. मध्ये शिशाचा थर, त्याच्या वर आणि खाली आयोडीनचा, असा तिघांचा मिळून एक पदर. पदराच्या आत सगळे एकमेकांना घट्ट धरून, पण दोन पदरांमध्ये नुसती तोंडओळख. म्हणून ते घडीच्या पोळीसारखे सुटतात. आमच्या स्टाफरूमची रचनाही हीच होती, फक्त चमक नव्हती.

या थाटाला शुद्ध पाणी लागतं, आणि कॉलेजच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात केलेला चहा नासायचा. टँकर आला तर आला. मी चार दिवस रॉकेलच्या स्टोव्हसमोर बसून, वाफ थंड करायला तेच ते पाणी बादलीने पुन्हा पुन्हा फिरवून, काचेच्या बरणीत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर जमवलं. घरात तुपाच्या बरणीलाही कुणी इतकं जपलं नसेल.

समिती आली त्या सकाळी बरणी कोरडी होती. प्रयोगशाळेचे वयस्कर शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते कपबशा विसळत होते.

"मामा, यातलं पाणी?"

"पावन्यांच्या चहाला घेतलं की सर. थोडं प्यायला दिलं. खारं पानी कसं पाजायचं त्यांना? तुमी चार दिस खपून केलेलं, म्हटलं ह्याच्यापरीस चांगलं पानी गावात न्हाई."

मी कपाळाला हात लावला. शेजारच्या खोलीत समितीचे अध्यक्ष चहाची तारीफ करत दुसरा कप मागत होते. त्यांना माझंच भविष्य आलं घालून पाजलं जात होतं.

शेवटी विहिरीचं पाणी घेतलं. लेड नायट्रेट टाकताच पाण्यातल्या क्षारांशी शिशाचं जुळलं आणि ते दुधाळ झालं. तरी मी आयोडाइड ओतलं, उकळलं, निववलं. समितीसमोर चंचुपात्रात फोडणी न दिलेली कढी तयार झाली.

"सोनं कुठे आहे?" अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून मामा पुढे आले.

"सायेब, चूक माजी हाय. सरांचं चांगलं पानी म्या चहाला वापरलं. त्यांचा काय बी दोष न्हाई."

त्याच क्षणी माझी नजर टेबलावर गेली. फनेल तिथेच होतं, गाळणकागदाचं पाकीटही. द्रावण कढत असतानाच गाळून घेतलं असतं तर पांढरा गाळ वर राहिला असता आणि खाली स्वच्छ द्रावण उतरलं असतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतो. घाबरून विसरलो होतो. आत्ताही म्हणता आलं असतं, "थांबा, पुन्हा उकळून गाळून दाखवतो." पण मग दोष माझा ठरला असता. मी मान खाली घातली आणि जमेल तितका बिचारा चेहरा केला. तो मला चांगलाच जमला.

समितीने अहवालात लिहिलं, "पिण्याच्या पाण्याची व्यवस्था उत्तम." मी कायम झालो. मामांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर उन्हात बसवलं. रोज सकाळी ते उठून मला नमस्कार करत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

पुढच्या आठवड्यात, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी विहिरीचंच पाणी घेतलं आणि द्रावण कढत असताना गाळलं. निवल्यावर चंचुपात्रभर सोनेरी चकत्या उतरल्या. मी दार आतून लावून घेतलं आणि त्या मोरीत ओतून दिल्या.