मडक्यांची उतरंड

परवा नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या गोलूच्या बाहुल्यांची पेटी उघडली आणि सुक्या कडुलिंबाचा कडवट वास नाकात शिरला. पेटी शेजारच्या जानकीमावशींची. जाण्याआधी त्यांनी ती माझ्या लेकीच्या नावाने ठेवली होती.

सांगली सोडून आम्ही तमिळ मुलखात, अंबत्तूरला आलो तेव्हा मीरा पाच वर्षांची होती. तिचं मराठी सुटू नये म्हणून मी रोज घोकून घ्यायची: केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, मडक्यांची उतरंड. ती नुसत्या जांभया द्यायची. मावशींचं घराणं तंजावूरकडचं, त्यांचं मराठी जुन्या वळणाचं. त्यांच्याकडे मात्र ही तासन्‌तास बाहुल्या लावायची. वर देव, मग राजेराण्या, तळाशी वाण्याचं दुकान. एका संध्याकाळी मी तिला बोलवायला गेले, तर मान न वळवता म्हणाली, "आई, तू तिथेच थांब. पायरीला फक्त घरच्यांनी हात लावायचा."

मावशी हसल्या. त्या हसण्याचा मला इतका राग आला, की त्यांनी दिलेलं प्रसादाच्या उसळीचं सुंडल मी तसंच मोलकरणीला देऊन टाकलं.

आता पेटीतल्या प्रत्येक पुरचुंडीवर मावशींच्या हातची तमिळ अक्षरांतली चिठ्ठी होती. मी अक्षर अक्षर लावत वाचलं, तर शब्द मराठी निघाले: केळ्यांचा घड. मडक्यांची उतरंड.

मावशींसमोर हे शब्द मी कधी काढलेच नव्हते. घरी जांभया देणाऱ्या पोरीने माझे शब्दसुद्धा तिकडेच नेऊन दिले होते. मावशी आता नाहीत, तरी माझ्या पोटात पुन्हा दुखलंच.