बॉनेटवरचा हात

"हात पूस तो."

आवाज वरून आला, समोरच्या बंगल्याच्या गॅलरीतून. आईनं आधी वर पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

आमच्या दारात त्या बंगल्यातल्या शेठची जुनी पांढरी गाडी उभी असते. ती आणि आमची भिंत यांच्यात एवढीच फट, की माणूस तिरका होऊन जाईल. आईचा गुडघा दुखतो. बाजारातून येताना तिचा तोल गेला आणि तिनं बॉनेटवर हात टेकला. बस, एवढाच गुन्हा. धुळीत पंजा उमटला.

"पदरानं पूस," शेठ म्हणाला. "जोरानं घासू नको, चरे पडतील."

आईनं पुसलं. वाकून, पदर मुठीत धरून, अख्खं बॉनेट पुसलं. नळावरच्या बाया बघत होत्या. मी पिशव्या घेऊन मागे उभी. मी तोंड उघडणार तोच आईनं डोळ्यांनीच गप्प केलं. त्या गाडीला धूळ चालत होती, कबुतरांची घाण चालत होती. आईचा हात चालला नाही.

वडिलांना आम्ही सांगितलंच नाही. आयुष्यभर कापडाच्या लूमवर काम करून त्यांचे कान गेलेत. ही खोली त्यांनी त्याच कमाईतून घेतली. भाड्याची नाही, आमची आहे.

शेठ मूळचा इथलाच. जवळच्या वळ गावात त्याची जमीन होती, तिथं आता गोदामं आहेत. त्यातल्याच एका गोदामात मी पॅकिंगला जाते. गोदामांना पहिली जमीन दिली तेव्हा त्यानं ही गाडी घेतली. आता कंपाउंडात त्याच्या नव्या गाड्या आहेत, म्हणून ही रस्त्यावर. टायर बसलेत. तरी दर अमावास्येला त्याचा ड्रायव्हर येऊन पुढे लिंबू-मिरची बांधतो. चालत नाही त्या गाडीला नजर लागू नये म्हणून!

मग माझ्या भावाचं लग्न ठरलं. आईचा एकच हट्ट होता, हळद आपल्या दारात करायची. आमच्याकडे मुलाची हळद लग्नाइतकीच मोठी. मांडव दारात पडला नाही तर ते लग्नघर कसलं, असं तिचं म्हणणं. आणि मांडवाच्या जागेवर गाडी.

आम्ही दोघी पत्रिका घेऊन शेठकडे गेलो. चपला बाहेर काढल्या. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही. मी म्हटलं, हळदीपुरती गाडी थोडी पुढे घ्या, ढकलायला आमची माणसं देतो.

"ती गाडी न्हाय, लक्ष्मी हाय आमची," शेठ म्हणाला. "लक्ष्मी जागेवरनं हलवत न्हाईत. तुम्ही वज्रेश्वरीच्या पलीकडचे ना? तिकडं जंगलात करा हळद. जागाच जागा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू वळलाच जातेस ना कामाला?"

नुसतं विचारलं. पुढे बोलायची गरजच नव्हती. गोदामवाले त्याच्या शब्दाबाहेर नाहीत.

तक्रार चौकीवर दिली. शेजारी-शेजारी आहात, आपसात मिटवा, म्हणाले. भाऊ म्हणाला, ताई, जाऊ दे, हॉल बघू, कशाला वाकडं घ्यायचं. मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "तवा गाडी पुसली, आता हे पन मनातनं पुसून टाकू."

ते ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिला पुसायची सवय लागत होती. मी म्हटलं, मांडव दारातच पडणार. गाडी आत राहिली तर राहू दे.

मांडववाला बिचकला. शेठ पुढे कामं देणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, बांबू टाक आणि जा. रेतीच्या डब्यांत चार बांबू उभे केले, गाडीच्या चारी बाजूंनी. दिवसभर खोकीच बांधते मी, दोऱ्या मला नव्या नाहीत. वर कापड, आंब्याची डहाळी. मधोमध गाडी. शेजारची चाची बघून म्हणाली, "दूल्हा कौन है, तेरा भाई या ये गाडी?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि दोरीची शेवटची गाठ आवळली.

संध्याकाळी भाऊ उंबऱ्यातच पाटावर बसला. बायांनी गाणं धरलं. पहिली हळद आईनं लावली. शेठ गॅलरीत येऊन उभा राहिला होता. हळदीनं भरलेला हात तसाच धरून आई त्या फटीतून बायांकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं.

"आई, हात टेक."

"नको गं." ती वर बघत होती.

"टेक. गुडघा दुखतो ना तुझा?"

तिनं टेकला. आधी बोटं, मग पूर्ण पंजा. पांढऱ्या बॉनेटवर पिवळा धमक हात.

गाणं थांबलं.

"पूस तो हात." तेच शब्द, तोच आवाज.

"न्हाय पुसणार," मी म्हटलं. "लक्ष्मी हाय ना तुमची? मांडवातल्या लक्ष्मीची हळद पुसतात काय?"

शेठनं ड्रायव्हरला खाली पाठवलं. तो बांबूपर्यंत आला. पंजाकडे बघितलं. मांडवात लावलेली हळद आमच्या भागात कुणी पुसत नाही, पुसणाऱ्याच्याच घराला ते बाधतं म्हणतात. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तसाच उभा राहिला. वरून शेठनं पुन्हा हाक मारली. तो हलला नाही. शेठला ही रीत माझ्याइतकीच ठाऊक. तो आत गेला. मग आईनंच गाणं उचललं.

गाडी अजून तिथंच आहे. मांडव निघाला, वहिनी घरात आली, तीही तिरकी होऊनच आत आली. गोदामात मला पॅकिंगवरून काढून माल उतरवायला लावलंय. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाठ मोडते. पण जाते. तक्रार पुन्हा दिली आहे, या वेळी चाचीही सोबत आली.

त्या हळदीचा डाग फिका झालाय. मी रोज कामावरून येताना त्याच्यावरच माझा हात टेकते. पूर्ण पंजा, गॅलरीकडे बघत. गाडी हलेपर्यंत टेकणार. वळचं काम गेलं तरी टेकणार. आणि आमच्या घरातली कुणीही बाई पदर मुठीत घेऊन त्या गाडीपुढे पुन्हा वाकणार नाही.