बंबावरचा राजा

आमच्या काकांच्या घरी आंघोळीचं पाणी राजाच्या देखरेखीखाली तापतं. थापा मारत नाही, घिवलीला येऊन बघा. घरामागे वाडीकडच्या पडवीत तांब्याचा बंब आहे. एकदा तापला की निम्मं गाव न्हाऊन निघेल आणि उरलेल्या पाण्यात दोन म्हशी. फार मागे त्याला तोटीच्या वर भोक पडलं होतं. तांबटाजवळ पत्रा नव्हता, म्हणून त्याने काकांच्या डब्यातला इंग्रजांच्या वेळचा पाव आणा घेतला आणि डाग देऊन भोकावर बसवून टाकला. राजाचं तोंड बाहेर, मागची सालाची बाजू आत पाण्यात.

तेव्हापासून काकू चिंच आणि राख घेऊन रोज बंब घासते. बंबाबरोबर राजालाही घासते. आधी त्याचं नाक गेलं, मग दाढी गेली, आणि आता तो सोललेल्या शहाळ्यासारखा दिसतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात एक माणूस घसा फाडून सांगत होता की १९११ सालच्या पाव आण्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी नाणी फार थोडी उरलीत, आणि ज्याच्याकडे असेल तो लखपती. काकांनी लगेच मला बोईसरला फोन केला. माझं शिक्षण काढलं नाही, नोकरी काढली नाही. म्हणाले, "तुज्याकडं भिंग हाय ना? ते घेऊन ये."

मी गेलो. आम्ही दोघं बंबापुढे उकिडवे बसून राजाची छाती तपासत होतो.

"हे बघ डुक्कर," काका म्हणाले.

"काका, मला तर बटाटा वाटतोय."

काकू मागून वाकली. "डाग हाय तो. उद्या चिंचेनं काढते."

"हात लावू नको!" काका असे ओरडले की वाडीतल्या चिकूवरचे पोपट उडून थेट डहाणूला गेले.

आता गंमत बघा. साल आत, पाण्यात. त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, भिंतीच्या गिलाव्यासारखा. मी बंबात वरून आरसा सोडला, टॉर्च मारली, काकांनी हात घालून आंधळ्यासारखं चाचपलं. काही कळेना. आणि साल दिसत नसल्यामुळे किमतीला अडवणारं कुणीच नव्हतं! सोमवारी राजा लाखाचा होता. मंगळवारी त्याच्यात वाडीचं कुंपण बसलं. बुधवारी काकांनी गोठ्याला एसी लावला. गुरुवारी ते माझ्याशी जरा मोठ्या माणसासारखे बोलायला लागले.

"काढूया," ते म्हणाले.

काकूने हातातली कालथी तशीच वर धरली. "पोरगी रविवारी बाळ घेऊन येतेय दवाखान्यातनं. सव्वा महिना त्याला ह्याच बंबाचं पाणी लागणार हाय. माज्या बंबाला भोक पडलं, तर तुमाला त्यात बसवीन, डाग देऊन."

शुक्रवारी सकाळी काकू मासवणला गेली, बाळाला मालिश करणाऱ्या बाईशी ठरवायला. तिची रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली आणि काकांच्या हातात छिन्नी दिसली.

तिसऱ्या घावाला राजा उडाला. बंबातलं पाणी काढायचं मात्र दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. धार माझ्या छातीवर बसली ती अशी, की मी पडवीतून निघालो तो अळूच्या वाफ्यात थांबलो. काकांना त्याचं काही नव्हतं. ते नाण्याच्या पाठीवरचा थर नखाने खरवडत होते.

"एक... नऊ... एक..." त्यांनी नाणं माझ्या पुढ्यात धरलं. "बोल, पुढचा काय?"

मी भिंग लावलं. "सात."

"नीट बघ."

"सातच आहे, काका."

"भिंग खराब हाय तुजं."

मग बाईकवरून पालघर. तिथे नाण्यांचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत. डॉक्टर नाडी धरतो तसं त्यांनी नाणं बोटांत धरलं. म्हणाले, "साल आपण नंतर बघू. तांब्यावर जुनी तपकिरी कातडी लागते, गिऱ्हाईक तिचे पैसे देतं. तुमी तर राजाला सोलून ठेवलाय. वर हा डाग. आणि साल सतराचं, ती नाणी पोत्यानं मिळतात."

"अन् अकराचं असतं तर?" काका.

"चांगल्या स्थितीत असतं तर थोडे पैसे आले असते. लाखबिख मोबाइलवर."

परत येताना बेटेगावच्या फाट्यावर काकांनी बाईक थांबवायला लावली. तिथे म्हणाले, "माणूस हुशार हाय, पण भिंग त्याचं बी खराब."

घरी काकू बंबापुढे उभी. भोकातून बंबाचं रिकामं पोट दिसत होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "रविवारी बाळाला कशात न्हाऊ घालू?"

काकांचा चेहरा राजासारखा झाला, नाक-डोळे गेलेला.

शनिवारी मी बोईसरहून फ्रिजवाला आणला, तांब्याच्या नळ्या जोडतो तो. त्याने गॅस पेटवला. "चाचा, राजा बाहर रखूँ?"

"नाय, नाय! राजा अंदर. साल बाहर."

मला वाटलं, काका राजावर रुसलेत.

रविवारी बाळ आलं. बंब टिच्चून तापला, एक थेंब गळला नाही, बाळाने सगळ्या घिवलीला ऐकू जाईल असं रडून आंघोळ केली आणि काकूने काकांना माफ केलं. निम्मं तरी.

महिन्याभराने गेलो तर पडवीत नवल! जन्मात ज्यांनी चहाचा कप विसळला नाही ते काका चिंच घेऊन बंब घासत होते. काकू बाळाला मांडीवर घेऊन बघत होती. "नातू आल्यापास्नं सुदारलेत बाबा," ती कौतुकाने म्हणाली.

मी जवळ जाऊन वाकलो. सगळा बंब मळका. चिंच फिरत होती ती फक्त नाण्यावर. नाण्यावरही एकाच जागी, इंग्रजी साताच्या वरच्या आडव्या रेघेवर.

"काका?"

"गप बस," ते हळूच म्हणाले. "दिवाळीपर्यंत अकरा होतो."