माणशी दर

विद्यापीठात तिला पासवर्डबाई म्हणत. तोंडावर बाई आणि पाठीमागे पासवर्डबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं. संगणक केंद्राची ती प्रमुख. पासवर्ड विसरलेला माणूस, मग तो कुलगुरू असो की माळी, तिच्या टेबलासमोरच्या डुगडुगत्या खुर्चीत येऊन बसायचा आणि चेहरा पाडून म्हणायचा, "बाई, परत तेच."

तिचा एक नियम होता. विद्यापीठाचा ईमेल पत्ता एकदा कुणाला दिला की काढून घ्यायचा नाही. माणूस निवृत्त होवो नाहीतर नोकरी सोडून जावो, पत्ता त्याचाच. तिच्या आधीच्या प्रमुखाने फक्त प्राध्यापकांना पत्ते दिले होते, आणि ते तिच्या डोक्यात गेलं होतं. तिने पहारेकऱ्यांना दिले, माळ्यांना दिले, वसतिगृहातल्या स्वयंपाकिणींना दिले. खर्च नावापुरता होता. इथे राबलेला माणूस इथलाच, एवढं साधं तिचं म्हणणं.

मग सांख्यिकी विभागाच्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण आलं. प्रयोगशाळेत जितके संगणक तितके परवाने, ही आजवरची रीत. यंदा कंपनीने ती मोडली. आता संगणक मोजायचे नाहीत, माणसं मोजायची. ज्याच्याकडे विद्यापीठाचा पत्ता, तो वापरकर्ता, मग त्याने ते सॉफ्टवेअर जन्मात पाहिलेलं नसलं तरी. सॉफ्टवेअर तेच, वापरणारे तेच, बिल चौपट.

कुलसचिवांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, माळी आकडेमोडीचं सॉफ्टवेअर वापरतो?"

"गुलाबांना लागत असेल तर विचारून येते."

"चेष्टा नको. त्याचे पैसे आपण का भरायचे?"

"हे कंपनीला विचारायला हवं, सर."

"कंपनीने नियम केलाय. घोळ तुमचा आहे. एवढी खोगीरभरती करायला कुणी सांगितलं होतं?"

खोगीरभरती हा शब्द तिला झोंबला. पण संशोधक विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या सॉफ्टवेअरवर अडकले होते. तिने राग गिळला आणि बिनकामाचे पत्ते महिनाअखेरपर्यंत बंद करायचं कबूल केलं.

बिनकामाच्या पत्त्यांत एक तिच्या सासूबाईंचा होता. वनस्पतिशास्त्र विभागातून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता. तरी कुठून कुठून लोक त्यांना पानाफुलांचे फोटो पाठवत आणि हे झाड कोणतं ते विचारत. सासूबाई न चुकता उत्तर देत. चुकीची ओळख पटवणाऱ्याला त्या झापतही.

"आई, तुमचा विद्यापीठाचा पत्ता बंद करावा लागणार आहे," तिने त्या संध्याकाळी सांगितलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "का? मी मेले का?"

"तसं नाही. माणशी पैसे लावलेत त्यांनी. नवा पत्ता काढून देते ना तुम्हाला."

"आणि लोकांकडे जो आहे त्याचं काय? मला कुठे शोधायचं त्यांनी?" काडी मोडावी तसा त्यांनी शेंगेचा शेंडा मोडला. "ते सॉफ्टवेअर काळं की गोरं, मला ठाऊक नाही."

"माहीत आहे मला."

"मग भांडलीस का त्यांच्याशी?"

पासवर्डबाई मोडलेले शेंडे गोळा करू लागली.

"घरात बरी तोंड चालवतेस," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

तिने पत्ते बंद केले. दुसऱ्या दिवसापासून डुगडुगती खुर्ची रिकामी राहिना. वसतिगृहातली एक म्हातारी स्वयंपाकीण येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "आमचं काय चुकलं, बाई?" पासवर्डबाईने तिच्यासाठी चहा मागवला आणि आतल्या आत संतापली.

मग कंपनीचा माणूस आला. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. बैठकीला कुलसचिव होते, सांख्यिकीचे प्राध्यापक होते. गोडबोल्याने नवी संख्या पाहून मान डोलावली.

"मस्त आटोपशीर केलंत, मॅडम. फक्त ही पुढच्या वर्षी धरली जाईल. करारानुसार वर्षातली सर्वांत मोठी संख्या धरतात."

"म्हणजे यंदाचं बिल?"

"तेच. पण तीन वर्षांचा करार केलात, तर सवलत मिळवून देतो."

कुलसचिवांनी पेनाचं टोपण काढलंही होतं.

"पत्ते बंद करतोय हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. रागावू नका."

"रागावू नको?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी माझी माणसं एकेक करून दाराबाहेर काढली. तुम्ही बघत बसलात. वर शाबासकी देताय." ती कुलसचिवांकडे वळली. "सर, माझ्या शिफारशीशिवाय हा प्रस्ताव पुढे जात नाही ना?"

"नाही."

"मग तो जाणार नाही."

प्राध्यापक ताडकन उठले. "आणि माझे विद्यार्थी? अर्धे झालेले प्रबंध काय चुलीत घालू?"

"जुना परवाना सत्र संपेपर्यंत आहे. तोवर त्यांचं काम फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हलवू. मी बसते त्यांच्याबरोबर."

"सोपं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत. शिव्या मला द्या. थोड्या यांच्यासाठीही ठेवा."

त्याच दुपारी तिने बंद केलेले पत्ते पुन्हा सुरू केले. ते महिनाभर पुसले जात नाहीत, एवढंच नशीब. कुलसचिवांनी लेखी खुलासा मागितला. प्राध्यापकांनी बोलणं टाकलं, विद्यार्थी मात्र धाडले. पहिल्याच विद्यार्थिनीचे आकडे नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुळेनात. पासवर्डबाई दात आवळून तिच्या शेजारी बसून राहिली. ते आकडे अजूनही सगळे जुळलेले नाहीत.

घरी सासूबाईंनी पत्ता उघडून पाहिला.

"एकही फोटो नाही."

"आले असतील. परत गेले असतील."

"काय सांगून?"

"अशी व्यक्ती इथे नाही म्हणून."

सासूबाईंनी चष्मा पुसला. मग एकेकाला लिहायला बसल्या, की मी आहे, फोटो पुन्हा पाठवा.

"त्या कंपनीला लिहू का एक?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"लिहा."

"भाषा कशी ठेवू?"

"तुमची नेहमीची," सून म्हणाली आणि कंपनीचा पत्ता सांगू लागली.