दुसऱ्या मशीनचा लॉग

डांबरगोळ्यांचा वास आला की गडचिरोलीच्या ऑफिसातली सर्व्हरची खोली आठवते. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून आम्ही तिथं त्या टाकायचो. डेटाबेस दोन जोडलेल्या मशीनवर चाले, कोणी कधी कोणता आदेश दिला याची नोंद दोन्हींच्या लॉग फाइलींत होई आणि त्या फाइली रोज वाचणं हे माझं नवं काम, घरातल्या पहिल्या पदवीधराची पहिली नोकरी. लॉग वाचायला शिकवलं ते माझ्या सिनियरनं. मी त्याला भाऊ म्हणायचो. एका सकाळी डेटाबेस बंद सापडला आणि भाऊ साहेबांना म्हणाला, "यानंच बंद केला, साहेब. ग्रॅज्युएट झाला, पन अक्कल नाई." पहिल्या मशीनच्या लॉगमधल्या त्या वेळच्या ओळी पुसलेल्या होत्या. दुसऱ्या मशीनवर मात्र बंद करण्याचा आदेश भाऊच्याच नावानं शाबूत होता. मी तो साहेबांना दाखवला आणि माझी नोकरी वाचली. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "मीच शिकवलं ना बे तुले?" शिकवलंच होतं, ते उपकार मी आजही मानतो; पण त्या दिवसानंतर त्याच्यासोबत चहा काही घेतला नाही.