कुंकू लागलेला परवाना

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. साक्रीकडच्या आमच्या डोंगराळ गावात बंदूक एकच, ठासणीची, आणि ती माझ्या नावावर. नळीत दारू, वर चिंधी, मग छर्रे, असं सगळं गजाने ठासून होईपर्यंत रानडुकरं निम्मं जेवण आटोपायची. पिकाच्या रक्षणासाठी म्हणून सरकारने हा परवाना दिला होता. आता लपवण्यात अर्थ नाही, बारा वर्षांत माझ्या हातून एकही डुक्कर मेलं नव्हतं. छर्रे लागले ते एकदाच, आणि तेही आमच्याच बुजगावण्याला. तरी गावात मला शिकारी म्हणत. मीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

दर डिसेंबरात बंदूक आणि कागद साक्रीच्या कचेरीत दाखवून नवा शिक्का घ्यायचा. कारकून जांभई देत शिक्का मारायचा. त्या वर्षी मात्र धुळ्याहून कडक हुकूम आला. कागदात खाडाखोड दिसली किंवा बंदुकीची गरज पटली नाही, तर परवाना रद्द, बंदूक चौकीत जमा. पलीकडच्या गावाची बंदूक तशीच गेली आणि आठ दिवसांत तिथला हरभरा डुकरांनी उकरून काढला. आमचा हरभरा तेव्हा घाट्यांवर आला होता.

निघायच्या आदल्या दिवशी पेटीतून परवाना काढला आणि उघडून पाहिला. बंदुकीच्या नंबरावर लालभडक डाग. शाई फुटून आकडे एकमेकांत मिसळलेले.

दसऱ्याला विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, बंदूक, सगळं पाटावर मांडून माझी थोरली बहीण पूजा करते. तिला हाक मारली.

"अक्का, कागदले कुंकू कोनी लावं?"

"मी लावं. बंदूकना धनी कागदच शे ना भाऊ? तो नही तं बंदूक नुसतं लाकूड."

कलेक्टरलाही हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

"आते परवाना गया तं?"

"मी येस ना संगे. मी सांगसू साहेबले."

माझी अर्धी भीती तिथेच दुप्पट झाली.

साक्रीला या खेपेस कारकुनाऐवजी मामलेदारांनीच कागद उजेडाला धरला, बोटाने चाचपला, मग नाकाशी नेला. सरकारी माणूस कागदाचा वास घेतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढे तो जिभेला लावतो की काय, म्हणून मी आपलं संकट विसरून पुढे वाकलो.

"हे काय आहे?"

"कुंकू, रावसाहेब. दसऱ्याचं."

त्यांनी कारकुनाला नळी पुसायला लावली. तेला-धुळीच्या थराखालून नंबर निघाला, कचेरीच्या वहीशी जुळला. खाडाखोडीचा संशय फिटला. मी श्वास सोडतोय तोच पुढचा प्रश्न आला.

"बारा वर्षांत डुकरं किती मारली?"

चार म्हणावं की पाच, असा हिशेब मनात चालला होता. तेवढ्यात अक्का बोलली.

"एक बी नही."

कारकुनाने तोंडावर वही धरली. मामलेदार माझ्याकडे बघत राहिले. "मग तुम्हाला बंदूक कशाला हवी?"

"रावसाहेब," अक्का म्हणाली, "याना नेम लागस नही, हाई डुकरेसले माहीत नही ना! बार व्हयना का बठ्ठा कळप पळस."

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. आवाज कुठवर जातो, कळप कोणत्या बाजूला पळतो, किती दिवसांनी परततो, असं एकेक त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो. आपल्याला डुकरांबद्दल इतकं ठाऊक आहे, याचं माझं मलाच नवल वाटलं. अखेर त्यांनी परवान्याच्या नव्या कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: दारू बाळगावी, छर्रे आणि गोळी बाळगू नये.

"तुमची गरज आवाजाची आहे. परवाना तेवढाच."

माझी छर्ऱ्यांची पिशवी तिथेच जमा झाली. परतीच्या गाडीत मी नुसती बंदूक मांडीवर घेऊन बसलो होतो.

"बंदूक तं उरनी ना?" अक्का म्हणाली. "मंग तोंड का पाडी बसना?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कळप हरभऱ्यात शिरला. मी शेतातल्या उंच माळ्यावर नुसती दारू ठासली. नेम धरायचं काहीच कारण नव्हतं, तरी एक डोळा मिटून सगळ्यात थोरल्या डुकरावर नळी रोखलीच. बार निघाला आणि कळप डोंगराकडे उधळला. थोरलं मात्र नाल्याशी थांबलं, वळलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलं. त्याला काय कळलं होतं, कोण जाणे. मी घाईघाईने पुन्हा दारू भरायला घेतली.